म्हशीचं लेणं

"वन्सं, माझा फोड अजून बरा होत नाहीये. आणि घरात सगळे मला हसतात."

तेजलचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, आमच्या लस-संस्थेच्या कँटीनमध्ये उभ्या उभ्या पोहे खात होते. तेजल माझी भावजय, धाकट्या भावाची, कोंडिबाची बायको. लग्नाला सात महिने झालेले. आमच्याच गवळी-धनगरांतली, पण जन्म आणि शिक्षण पनवेलचं, त्यामुळे म्हशीने नुसती मान वळवली तरी ही अंगणातून उडी मारून ओटीवर. बारा दिवसांपूर्वी आमच्या जांभूळटेंब वाडीत मी स्वतः तिच्या दंडावर लस टोचली होती.

"कसा आहे फोड?"

"आधी लाल गाठ आली. सातव्या-आठव्या दिवशी टरारून फुगली, पाणी भरलं, दोन दिवस ताप होता. आता काळी खपली धरलीये. हे म्हणाले, शहरातलं नाजूक कातडं."

"अगं, ही लस अशीच लागते. खपली ओढू नकोस, आपोआप पडेल." मी घास गिळला. "कोंडिबाची पडली का?"

"त्यांना कुठे खपली! तिसऱ्या दिवशी जरा लाल झालं, पाचव्याला साफ. आईंचंही तसंच. सगळ्या वाडीचंच तसं. म्हणून तर हसतात मला."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि कुर्त्याची बाही वर सरकवून स्वतःचा दंड पाहिला. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत, त्यांना धीर यावा म्हणून, मीही टोचून घेतलं होतं. दंड गुळगुळीत होता.

"तेजल, कोंडिबाला फोन दे."

"ते कुठले इथे? मंगळवारी पास हिरवा झाला, त्याच दिवशी म्हशी घेऊन रानात गेले. गोचिडींसाठी दिलेले बूट आणि फवारा पण घरीच ठेवून गेले. म्हणाले, आक्कानं टोचलंय, आता कशाला?"

त्या दिवशी गुरुवार होता.

मी पोहे तिथेच टाकून का निघाले ते कळायचं तर थोडं मागे जायला हवं. गोचीडताप आमच्या डोंगरात आला त्याला चार वर्षं झाली. रानातल्या गोचिडीच्या चाव्यातून तो माणसात शिरतो. तीन ते आठ दिवसांत ताप चढतो, मग हिरड्यांतून, नाकातून रक्त. शंभरातले दहा जातात. आमची माणसं म्हशींमागे रानात जगणारी, त्यामुळे पहिला घाव आमच्यावरच. दोन वर्षांपूर्वी सरकारने उन्हाळ्यात रान बंद करायला सुरुवात केली. हद्दीवर फाटकं बसली, ज्याच्या कार्डावर पास हिरवा त्यालाच फाटक उघडायचं. या वर्षी चाळीस दिवस म्हशी गोठ्यात बांधलेल्या होत्या. चारा संपला होता. आमच्या दोन म्हशी उभ्या उभ्या वाळून मेल्या. तेवढ्यात आमची लस तयार झाली आणि अकरा वाड्यांचं काम संस्थेने माझ्याकडे दिलं. त्या वाड्यांत दुसऱ्या कोणाला कोणी दंड पुढे केलाच नसता.

ही लस एका विषाणूच्याच पाठीवर बसून येते. म्हशीच्या सडांवर फोड आणणारा एक विषाणू आहे, देवीच्या विषाणूच्या कुळातला. त्याचे आजार घडवणारे जनुक काढून टाकले आणि त्या जागी एकच नवा मजकूर घातला: गोचीडतापाच्या विषाणूच्या आवरणाचा एक तुकडा कसा बनवायचा. हा लंगडा केलेला विषाणू आपल्या पेशीत शिरतो, पेशी मजकूर वाचून तो तुकडा बनवते, शरीर त्या तुकड्याची ओळख धरून ठेवतं. पुढे खरा ताप आला की फौज उभीच. अशा विषाणूला आम्ही वाहक म्हणतो.

वाडीत हे समजावायला मला एक उदाहरण पुरलं होतं. रेडकू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. मग मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवतात, त्याला भोत म्हणतात. म्हैस कातडं हुंगते, चाटते, आपलं समजते आणि दूध देते. "आपला वाहक म्हणजे भोत," मी म्हणाले होते. "वरचं कातडं विषाणूचं, आत भरलेलं आपलं."

"ह्ये ब्येस सांगितलंस," आई म्हणाली होती. कातडं कुठल्या विषाणूचं ते मी सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

विचारलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. कारण आमच्या वाडीत हाताने धार काढणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना कधी ना कधी फोड येतात. सडाला फोड आलेल्या म्हशीची धार काढली की आठवड्यात येतात, दोन-तीन आठवड्यांत जातात आणि मागे गोल पांढरट वण राहतो. त्याला आम्ही आजार म्हणत नाही. त्याला म्हणतात लेणं. म्हशीचं लेणं. सोयरीक जुळवताना "पोरीला लेणं हाय का" हे आधी विचारतात. लग्नानंतर आलं तर सासू त्यावर हळद लावते, म्हणजे सून घरची झाली. आणि एकदा लेणं आलेल्याला ते पुन्हा येत नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

लस टोचण्याआधीचा फॉर्म मीच लिहिला होता. मूळ प्रश्न होता, वाहकाच्या कुळातल्या विषाणूची बाधा पूर्वी झाली आहे का? मी त्याचं मराठी केलं: 'गुरांपासून त्वचेचा आजार झाला होता का?' अकरा वाड्यांतल्या तीनशे बारा माणसांनी 'नाही' सांगितलं. खोटं कोणीच बोललं नाही. लेणं हा आजार नव्हेच.

आणि मी? माझ्या उजव्या तर्जनीवर लेणं आहे. पुण्यात कोणी विचारलं की मी सांगते, इस्त्रीचा चटका. जनाबाईची जान्हवी झाले, तेव्हापासून सांगते. इतकी वर्षं सांगितलं की फॉर्म लिहिताना मलाही तो चटकाच वाटला.

तिसऱ्या दिवशी दंडाचा फोटो काढून पाठवायचा आणि यंत्राने लस लागली की नाही ते ठरवायचं, अशी पद्धत होती. ते यंत्र शहरातल्या दंडांवर शिकलेलं. शहरातल्या माणसाच्या दंडावर तिसऱ्या दिवसाची लाली म्हणजे फोडाची सुरुवात. ज्याचं शरीर वाहकाला आधीच ओळखतं, त्याच्या दंडावर तीच लाली म्हणजे मारामारीचा शेवट असतो, वाहक मेलेला असतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राने तीनशे बारांपुढे 'लागली' लिहिलं आणि दहाव्या दिवशी पास हिरवे झाले.

मी प्रयोगशाळेत गेले आणि स्वतःचं रक्त काढून तपासायला लावलं. दोनच्या सुमाराला निकाल आला. वाहकाविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर. गोचीडतापाविरुद्ध शून्य.

तो कागद घेऊन डॉ. केळुसकरांकडे गेले. ते आमचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण बैठक झाल्याशिवाय त्यांना शिंकसुद्धा येत नाही.

"तुमचा एकटीचा नमुना?" त्यांनी चष्मा काढला. "जान्हवी, शितावरून भाताची परीक्षा विज्ञानात चालत नाही."

"सर, या हंडीत सगळा तांदूळ एकाच पोत्यातला आहे. आम्ही सगळे धारा काढून मोठे झालो." मी बोट पुढे केलं. "हा चटका नाही. ही सडाच्या फोडाची खूण आहे."

त्यांनी चष्मा परत लावून बोट पाहिलं. "फॉर्ममध्ये तर तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"हो."

"सोमवारी समिती बसतेय. चाळीस नमुने मागवू. पास थांबवायचा अधिकार समितीचा आहे. लस कुचकामी असल्याची नुसती कुणकुण लागली तरी पाच जिल्ह्यांत लोक दंड पुढे करणार नाहीत. त्याने किती मरतील, याचा विचार करा."

हे खोटं नव्हतं. त्यांची भीती मलाही समजत होती. पण सोमवारपर्यंत कोंडिबा रानात होता, आणि शुक्रवारी, शनिवारी आणखी माणसं आत जाणार होती.

"एक वाट आहे," मी म्हणाले. "फॉर्ममधली माहिती चुकली असेल तर ज्याने फॉर्म लिहिला त्याला आपली यादी गोठवता येते. त्याला समिती लागत नाही."

"मग लस चुकली असं नोंदलं जाणार नाही. तुम्ही चुकलात असं नोंदलं जाईल. चौकशी लागेल. नोकरी राहील याची खात्री मी देणार नाही."

"मी चुकलेच आहे, सर."

त्यांच्यासमोर बसूनच मी यादी उघडली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'प्रश्न चुकीचा विचारला गेला. जबाबदार: जान्हवी मरगळे.' तीनशे बारा नावं एकदम लाल झाली. सत्तावीस नावांपुढे खूण होती, म्हणजे ती माणसं आधीच फाटकाच्या आत गेलेली. आत गेलेल्याला फाटक परत बोलवत नाही.

वाडीत पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता. आई ओटीवर तांदूळ निवडत बसलेली, तेजल चुलीपाशी. मी चपला न काढताच सगळं सांगून टाकलं. आधी आईला ते पटेचना.

"आगं, फोड आलेला मी माज्या डोळ्यानं बगितला की. लाल झाला हुता."

"आई, भोताचं सांगितलं होतं ना? वरचं कातडं कसलं होतं माहितीये? सडाच्या फोडाचं."

तिचा हात सुपातच थांबला. मग तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, एकेक वण अंगठ्याने चाचपला.

"म्हंजी लेणं देनाऱ्याच्या कातड्यात भरून आनलंस व्हय? आन् लेणं असलेल्यांनाच टोचलंस?" ती सावकाश बोलत होती. "येडे, म्हैस यकदा भोत वळकली का लाथ मारती. आत काय भरलंय ते बगत न्हाई. माज्या अंगानं लाथ मारली असंल. समद्यांच्याच."

सात वर्षं शिकून मला जे दुपारी कळलं, ते तिने सूप खाली ठेवायच्या आत सांगितलं. मला रडू आलं. आई मात्र रडली नाही. ती उठली आणि काठी शोधू लागली.

"मी जाते त्याला आनाया."

"तू नाही. मीही नाही. लेणं असलेल्या कोणी गडग्यापलीकडे पाय टाकायचा नाही." वाडीच्या हद्दीवर दगडांचा गडगा आहे, पलीकडे फाटक आणि रान. "वनखात्याला फोन केलाय. त्यांची तुकडी शनिवारी येईल."

"शनवारपतुर गोचिडी काय उपास धरनारेत?" आई कडाडली. मग हातात आलेल्या काठीकडे बघून म्हणाली, "मंग लेणं नसलेलं कोन हाय?"

आम्ही दोघींनी चुलीकडे पाहिलं.

तेजलचे हात पिठाने माखलेले होते. लांबसडक, गोरी बोटं, एकही वण नाही. त्या हातांवरून तिने सात महिने टोमणे खाल्ले होते. 'लेणं न्हाई, लोण्याची हाय,' असं बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. तिच्या दंडावर काळी खपली होती.

"मला ताप येणार नाही?" तिने मला विचारलं.

"तुझी लस खरी लागलीये. अख्ख्या वाडीत तुझी एकटीची."

"नक्की?"

मी आधी एकदा नक्की म्हणाले होते, आणि त्याचं काय झालं ते समोर होतं. "माझ्या माहितीप्रमाणे नक्की," मी म्हणाले. "शंभर टक्के कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस."

तिने परातीत हात झटकले. "म्हशींच्या गळ्यातले पट्टे माझ्या फोनवर दिसतात. मीच जोडून दिलेत. कुठे आहेत ते मला कळेल. पण मला पाहून त्या उधळल्या तर?"

आईने ती काठी तिच्या हातात दिली.

जेवणाआधी मी बाकीच्या दहा वाड्यांना फोन केले. सगळीकडे एकच निरोप दिला: ज्याच्या हाताला लेणं नाही आणि दंडावर खपली आहे, त्यालाच आत पाठवा. शाळेचे मास्तर, दुकानदार, शहरातून आलेल्या सुना, घरजावई. आजवर ज्यांना कोणी मोजत नव्हतं ती माणसं शोधायला वाड्या धावल्या. घोडेखोलच्या वाडीत मात्र लेणं नसलेलं कोणीच निघालं नाही. तिथून सगुणा झोरे ही एकटी बाई आत गेलेली होती. तिला आणायला वनखात्याच्या तुकडीची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता.

शुक्रवारी उजाडताच तेजल निघाली. गडग्यापाशी आईने तिला थांबवलं आणि आपली जुनी घोंगडी तिच्या डोक्यावरून पाठीवर घातली. वीस वर्षांचा शेणामुताचा, दुधाचा, धुराचा वास त्या घोंगडीला.

"ही काढू नगंस. म्हशी डोळ्यानं न्हाई, नाकानं वळकत्यात. त्यास्नी वाटंल मीच आले."

तेजलने नाक मुरडलं, मग हसली. "म्हणजे मी भोत."

"व्हय. पर पेंढ्यावानी पडून ऱ्हाऊ नगंस. हाळी घाल. अशी." आईने जिभेच्या मागून ती लांब हाळी घातली. तेजलने तशी घालून पाहिली. कुत्रं दचकून भुंकलं.

फाटकाने तिचं कार्ड लाल म्हणून अडवलं, कारण यादी गोठवताना तिचंही नाव त्यातच गेलं होतं. मी माझ्या फोनवरून ते नाव, आणि बाकीच्या वाड्यांतून निघालेल्यांचीही नावं, यादीबाहेर काढली. फाटक उघडलं. घोंगडीचा काळा ठिपका कारवीच्या झुडपांत शिरला आणि दिसेनासा झाला.

आम्ही गडग्यावर बसून राहिलो. आई मधूनमधून फोनच्या पडद्याकडे बघे. त्यावर म्हशींचे चौदा ठिपके होते आणि तेजलचा एक. अकराच्या सुमाराला तो एक चौदांत मिसळला. मग रेंज गेली आणि पडदा तसाच थिजला.

दीड वाजता कोंडिबा आला. एकटाच, घामाघूम, संतापलेला.

"आक्का, ह्ये काय लावलंय? तिनं मला हाकललं!"

"म्हशी?"

"तिच्यापाशी. आदी बुजल्या, मंग आयची घोंगडी हुंगली आन् गप झाल्या. मी म्हनलं, म्हशी घिऊन जाऊ. तर म्हनली, म्हशींच्या अंगावर गोचिडी, त्या वाडीत न्यायच्या न्हाईत, आन् गोठ्यात तरी काय घालनार. तुमी निघा, मी बगते. न्हाईतर काठी घालीन." एवढं बोलून तो एकदम खाली बसला. "म्हैस बगून वरडनारी बाई, आक्का."

गडग्याच्या आत घेण्यापूर्वी त्याचे कपडे तिथेच जाळले. त्याचं अंग मी आणि आईने इंचाइंचाने तपासलं. गुडघ्याच्या मागे तीन गोचिडी निघाल्या, काखेत एक. चिमट्याने उपटून मी त्या बाटलीत बंद केल्या. आता आठ दिवस वाट पाहणं एवढंच हातात होतं.

तेजल रानातल्या पठारावरच्या झापात, गवळ्यांच्या खोपटात राहिली, सोबतीला कुत्रं. रोज सकाळी ती फाटकाजवळच्या खडकापर्यंत यायची, दुधाची किटली खडकावर ठेवायची आणि लांबूनच ओरडायची, "ताप?"

"नाही!" मी ओरडायची.

पहिल्या दिवशी किटली रिकामी होती. म्हशींनी पान्हा चोरला होता. आई गडग्यावरून ओरडून शिकवायची, "आंगठा आत मूड गं! वडू नगंस, दाब!" रानाला म्हशीची धार शिकवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. तिसऱ्या दिवशी किटलीत पावशेर दूध आलं. चौथ्या दिवशी अर्धी किटली. आईने ते दूध वाडीभर दाखवलं, चहाला मात्र कोणाला दिलं नाही.

सोमवारी समिती बसली. केळुसकरांनी माझ्या रक्ताचा कागद पहिला ठेवला, हे मला मागाहून कळलं. चाळीस नमुन्यांपैकी अडतीस माझ्यासारखेच निघाले.

सहाव्या दिवशी, गुरुवारी पहाटे, कोंडिबा कुडकुडत उठला. ताप एकशे दोन. मी ताबडतोब गाडी बोलावली. जिल्ह्याच्या दवाखान्यात खाट आधीच सांगून ठेवली होती, त्यामुळे तासाभरात गाडी वाडीत आली. त्याला गाडीत निजवत होतो आणि तिकडून हाक आली.

"ताप?"

आईने माझं मनगट धरलं. "न्हाई म्हन," ती कुजबुजली. "जने, न्हाई म्हन. यकटी हाय ती रानात. कळलं तर हात-पाय गळतील तिचं."

आईचं म्हणणं चूक नव्हतं. एक शब्द होता, आणि तो सांगायला सोपा होता. चटका, असं मी वर्षानुवर्षं सांगतच आले होते की. त्या एका शब्दाने कोणाचं काय बिघडतं, असं तेव्हाही वाटायचं.

"आहे!" मी ओरडले.

खडकापाशी ती तशीच उभी राहिली.

"किती?"

"एकशे दोन! गाडी आलीये!"

ती खाली बसली. घोंगडीत तोंड खुपसलेलं दिसलं. आईने माझं मनगट सोडलं आणि माझ्याकडे पाठ केली. मग तेजल उठली, किटली खडकावर ठेवली. आवाज फाटलेला, पण शब्द स्पष्ट होते.

"त्यांना सांगा, चांदी व्याली! रेडी झालीये! आणि सांगा, मी म्हशींपाशीच आहे, काळजी करू नका!"

मी गाडीत वाकून कोंडिबाला सांगितलं. त्याने डोळे उघडले. "चांदी? ती कुनालाच जवळ येऊ देत न्हाई व्यायच्या टायमाला," तो म्हणाला.

कोंडिबा सतरा दिवस दवाखान्यात होता. रक्तातल्या पेशी इतक्या उतरल्या की तीन दिवस डॉक्टर आमच्याशी नजर मिळवत नव्हते. ताप चढताच आणलं म्हणून वाचला, असं ते म्हणाले. आत गेलेल्या सत्तावीसांपैकी पाच जणांना ताप आला. चौघे वाचले. घोडेखोलची सगुणा झोरे गेली. मी तिच्या दिवसांना गेले होते. तिच्या नवऱ्याने माझ्यापुढे चहा ठेवला आणि काहीच विचारलं नाही. विचारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तिच्या दंडावर मीच टोचलं होतं. टोचताना तिने विचारलं होतं, "तुजंबी लेणं उजव्याच हाताला का गं?" मी नुसती हसले होते.

चौकशी झाली, पद गेलं. शहरांत लस चालूच आहे, तिथे ती उत्तम लागते. डोंगरातल्या वाड्यांसाठी दुसरा वाहक निवडला, माकडांच्या सर्दीचा एक विषाणू, माणसाच्या ओळखीचा नसलेला. इकडे तेजल पावसाळा लागेपर्यंत रानात राहिली. संस्था सोडण्याआधी मला एकच काम दिलं, नवा फॉर्म लिहायचं. केळुसकर म्हणाले, "या वेळी तुम्हीच लिहा."

दिवाळीनंतर तो फॉर्म घेऊन मी वाडीत आले. पहिला मी माझाच भरला. नाव: जनाबाई धाकू मरगळे. पहिला प्रश्न: हाताला लेणं आहे का? आहे. मग ओळीने सगळी वाडी. कोंडिबा, अजून अंगात मांस न भरलेला. आई. बोटं पुढे करायची, मी बघायचं, 'आहे' लिहायचं.

शेवटी तेजल आली. चांदीची रेडी तिच्यामागोमाग अंगणात. तिने हात पुढे केले. तळव्यांना काठीने घट्टे पडलेले, पण बोटांवर वण नव्हता. सबंध उन्हाळा धारा काढल्या, तरी नव्हता.

"नाहीच," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "वन्सं, मला आता ते येणारच नाही ना? लसीमुळे?"

"नाही येणार," मी म्हणाले. तिच्या शरीराने ते कातडं आता ओळखलं होतं. फोड आलेल्या कुठल्याही म्हशीखाली ती खुशाल बसू शकत होती.

मी 'नाही' च्या चौकटीवर पेन टेकवणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब." ती आत गेली आणि हळदीची वाटी घेऊन आली. तेजलची बाही तिने वर सारली. दंडावर तो गोल, पांढरट वण होता, आमच्या बोटांवर असतो तसाच. आईने त्यावर हळदीचं बोट टेकवलं आणि अंगठ्याने गोल फिरवून चोळलं.

"लिव," ती मला म्हणाली. "हाय."

मी क्षणभर विचार केला. प्रश्न कशासाठी विचारला होता? या शरीराला तो वाहक ओळखीचा आहे का, हे कळावं म्हणून. मी 'आहे' लिहिलं. आईसाठी नव्हे, ते खरंच होतं म्हणून.